जेवताना गाणं पातळ होतं

"मॅडम, मला एका ओळीत सांगा. कान गेलेत की नाही?"

अजित माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. आवाज त्याने हळू ठेवला होता, पण माझी खोली ती केवढी! दाराबाहेर बाकावर मोरेश्वरभाऊ बसले होते. त्यांना ऐकू गेलं नसेल असं मला तरी वाटत नाही. इतके काही त्यांचे कान गेलेले नव्हते.

"कान म्हणजे काय एसटी आहे का, गेली की नाही सांगायला? बस आधी," मी म्हटलं.

तो बसला. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण कानाचं दुखणं बघतात ते डॉक्टर. मी माणसाला किती आणि कसं ऐकू येतं ते तपासते आणि गरज असेल तर ऐकायचं मशीन बसवून देते. विरार पश्चिमेला दोन खोल्यांचं क्लिनिक आहे, बावीस वर्षं झाली. मूळची मी साताऱ्याची, त्यामुळे तोंड जरा तिखट आहे. पेशंट चालवून घेतात, कारण निम्म्यांना ते ऐकूच येत नाही.

अजितचा ऑर्केस्ट्रा आहे. वडिलांनी सुरू केला, आता हा चालवतो आणि आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर स्वतः बसतो. आमच्या या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणूस अक्षता टाकून निघून जाईल, पण हळदीला ऑर्केस्ट्रा कुणाचा होता ते वर्षभर लक्षात ठेवील. मोरेश्वरभाऊ या ऑर्केस्ट्राचे मुख्य गायक. कळंबच्या किनाऱ्यावरचे, एकेकाळी होडीवर मासे मारणारे, वय अठ्ठावन्न, अजितच्या वडिलांच्या वेळेपासून गाणारे.

"महिना झाला, वरचा सूर लागतच नाही," अजित म्हणाला. "खाली खाली राहतो. परवा एका हळदीत पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. पुढच्या शनिवारी आगाशीची हळद आहे, मोठं घर आहे. मी दुसरा गायक बघून ठेवलाय मॅडम. पण असंच कसं सांगू त्यांना? काकांसारखे आहेत. तुमच्या रिपोर्टात कान गेलेत असं आलं, तर त्यांनाही पटेल. निवेदनाला ठेवीन ना, हाकलणार नाही."

कानात एवढं मोठं भांडवल घातल्यावर माणूस बेसूर कसा झाला, हे मलाही कळत नव्हतं. कारण ते भांडवल घालण्यात माझा हात होता. ते कसं, ते सांगते.

दोन महिन्यांपूर्वी हाच अजित फुलून आला होता. त्याला इन-इअर घ्यायचे होते. स्टेजवर गाणाऱ्याला सगळ्यात कमी काय ऐकू येतं, तर स्वतःचा आवाज. मागे ऑक्टोपॅड धडधडतोय, बाजूला बेंजो किंचाळतोय, समोर वऱ्हाड नाचतंय. म्हणून पूर्वी गायकाच्या पायाशी तोंड वर करून एक स्पीकर ठेवायचे. आता तोच आवाज सरळ त्याच्या कानात सोडतात. कानात घालायच्या त्या बोंडांना हे लोक इन-इअर म्हणतात. अजितची मंडळी तोवर रस्त्यावर मिळतात तसले साधे इअरफोन घालून गात होती. एक कानात, एक गळ्यात लोंबकळतोय.

"आता एकदम टॉपचे घेतोय," तो म्हणाला. "प्रत्येकाच्या कानाच्या मापाचे. एकेका बोंडात चार चार ड्रायव्हर." ड्रायव्हर म्हणजे आतला चिमुकला स्पीकर. एक ढोलाचा आवाज सांभाळतो, एक गळ्याचा, एक झांजेचा, असं वाटून घेतलेलं काम. "फक्त कंपनीला कानाचे साचे पाठवायचेत. आणि विरारमध्ये साचे कोण काढतं, विचारलं तर सगळे तुमचंच नाव घेतात."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. ऐकण्याच्या मशीनसाठी साचे मी किती काढले त्याची मोजदाद नाही, आणि माझा साचा परत आलाय असं कधी झालं नव्हतं. काम सोपं दिसतं. कानाच्या नळीत दोरा बांधलेला स्पंजाचा तुकडा आडवा लावायचा, म्हणजे पडद्याला धोका नको. मग सिरिंजमधून मऊ गुलाबी लगदा भरायचा. पाच मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो. अलगद फिरवून काढला, की कानाची आतली बाजू जशीच्या तशी हातात. त्या पाच मिनिटांत पेशंटला मी एकच वाक्य सांगते. "बोलू नका, हलू नका, तोंड मिटून बसा." बावीस वर्षं हेच वाक्य. झोपेत उठवलं तरी म्हणेन.

साच्यांच्या दिवशी अजित अख्खी मंडळी घेऊन आला. कंपनीने एक डेमोचा सेट पाठवला होता. आतला माल तोच, फक्त वर मापाच्या साच्याऐवजी बदलता येणारी रबरी टोकं. साचे काढून झाल्यावर सगळ्यांनी आळीपाळीने तो लावून बघितला. मी म्हटलं, आधी मी. माझं क्लिनिक आहे.

मला वाटलं होतं, आवाज मोठा येईल, दुसरं काय. बावीस वर्षं आवाज मोठा करायचाच धंदा केलाय. अजितने मोबाईलवर एक तबला लावला, आणि मी आपोआप पंखा बंद केला. आवाज मोठा नव्हताच हो! उलट हळू होता. पण तबलजीचं बोट शाईवरून सरकत होतं ते ऐकू येत होतं. थाप पडायच्या आधीचा तो एवढासा घासल्याचा आवाज. चष्म्याचा नंबर बदलल्यावर झाडाला पानं आहेत असं कळतं ना, तसं झालं. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि सगळे हसले.

मग त्यांनी स्वतःच्याच मागच्या वर्षीच्या एका हळदीचं रेकॉर्डिंग लावलं. ऑक्टोपॅडवाला रोशन पहिला. तो अर्धं मिनिट ऐकत राहिला आणि रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, मी एवढा गचाळ वाजवतो? दर वेळी लवकर पडतोय."

"आम्ही सात वर्षं तेच सांगतोय," कीबोर्डवाला ऑल्विन म्हणाला. मग त्याने लावलं. मग एकदम ओरडला, "अरे, मागे कोनतरी बाई विचारते, आइस्क्रीम संपला का! ऐका, ऐका!" आम्ही सगळ्यांनी ऐकलं. खरंच, गाण्याच्या मागे, खूप मागे, एक बाई आइस्क्रीमची चौकशी करत होती. वर्षभर ते रेकॉर्डिंग सगळ्यांनी ऐकलं होतं, पण त्या बाईचा पत्ता कुणाला नव्हता.

मोरेश्वरभाऊ शेवटी आले. खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि खुर्चीवर देवळात बसावं तसे बसले. मी टोकं बसवून दिली. गाणं सुरू झालं. गाणं संपलं तरी काढेनात. मग म्हणाले, "हा माझा आवाज?"

"तुमचाच."

"दम घेतो तो पन येतोय. कडव्याच्या आधी. मना वाटायचं, दम चोरून घेतो मी, कोनाला कलत नाय." आणि मग हसून म्हणाले, "बरा गातो की मी! इतकी वर्षं लोकांनी सांगितलं, मी आज ऐकला."

माणूस एवढा मोठा झाला तरी स्वतःचा आवाज त्याला माहीत नव्हता.

साच्यांवरून बनवलेली खरी बोंडं तीन आठवड्यांनी आली. मी एकेकाच्या कानात बसवून बघितली. काय काम होतं! काचेसारखं गुळगुळीत, आतल्या तारा सोन्याच्या केसासारख्या. सगळे खूश. अजितने तेव्हाच भाऊंना बजावलं, "आता कानावर हात ठेवायचा नाही हां भाऊ. व्हिडिओत जुनाट दिसतं. कानात एवढा भारी माल आहे, हात कशाला?" वरच्या पट्टीत जाताना भाऊंचा डावा हात कानावर जायचा. जुन्या गाणाऱ्यांची सवयच ती. भाऊंनी मान डोलावली. म्हणाले, "नाय ठेवत, बाबा."

दोनच दिवसांनी त्यांचा फोन आला. मी कामात होते. "ताई, एक विचारायचं होतं. जेवताना गानं पातळ होतं."

"काय होतं?"

"पातळ. आमटीत पानी जास्त झाल्यावर होते ना, तसं. तोंड मिटलं की परत घट्ट."

"भाऊ, जेवताना जेवावं," मी म्हटलं. "गाणं नंतर ऐकावं." ते हसले, मीही हसले, फोन ठेवला. ते हसणं मला पुढे फार महागात पडणार होतं.

आता पुन्हा त्या दिवसाकडे. मी भाऊंना आत बोलावलं आणि बूथमध्ये बसवलं. बूथ म्हणजे आवाज बंद केलेलं छोटं कपाट. कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक बीप ऐकू आला की बटण दाबायचं. काचेतून मला ते दिसत होते. शाळेतल्या मुलासारखे डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. एकही बीप सुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा.

रिझल्ट अगदी साधा होता. सगळं ठीक. फक्त फार वरचे, बारीक आवाज थोडे कमी. तीस वर्षं ऑक्टोपॅडच्या पुढे उभ्या राहिलेल्या माणसाला एवढं होणारच. मी रिपोर्टात लिहिलं, दोन्ही कानांत वरच्या आवाजांना सौम्य घट, वयाला धरून.

अजितने नेमकं 'घट' या शब्दावर बोट ठेवलं. "म्हणजे आहेच."

"अरे, एवढ्या घटीने सूर जात नाही. गाण्याचा सूर असतो तो भाग यांचा चांगला आहे."

"मग कशाने जातोय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलेल्या तज्ज्ञाचं कोण ऐकतो! त्याने रिपोर्टाचा मोबाईलवर फोटो काढला. भाऊ दारात उभे होते. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"म्हंजे आता मी नावं सांगू," ते म्हणाले. "आता येतायत अमके, जोरदार टाळ्या. ते नाय करनार मी, अजित. त्यापेक्षा घरी बसेन."

"भाऊ, तसं नाही..."

"होडी इकली तवा वाईट नाय वाटलं. म्हटलं, गानं हाय. आता त्यालाच घट लागली म्हन." एवढंच बोलून ते पायऱ्या उतरले. अजित त्यांच्या मागे धावला. मी माझ्या सहीचा तो रिपोर्ट स्क्रीनवर बघत बसले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याच कागदाने एका माणसाचं गाणं बंद होणार होतं. चीड आली मला. पण कुणाची, ते ठरवता येईना.

दोन दिवस डोक्यातून जाईना. रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि सरळ नंदाखालला गेले. तिथे अजितच्या वाडीत केळीच्या बागेला लागून पत्र्याची एक मोठी शेड आहे, तिथे त्यांची प्रॅक्टिस चालते. भाऊ आले होते. अजितने त्यांना शेवटची एक संधी दिली होती, आणि तो नवा गायकही कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. भला मुलगा होता, पण भाऊंकडे बघायचं टाळत होता.

मी तिथे रचलेल्या नारळाच्या झावळ्यांवर टेकले. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं सुरेख. आवाज भरलेला, सूर जागच्या जागी. मग वरची पट्टी आली. भाऊंनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि सूर घसरला. मी गाण्यातली जाणकार नाही, पण मलाही कळलं. ऑल्विनने खाली मान घातली.

"परत," अजित म्हणाला.

परत तेच.

तिसऱ्या वेळी भाऊंना राहवलं नाही. वरची ओळ आली आणि त्यांचा डावा हात सवयीने कानावर गेला. आणि सूर लागला! खणखणीत. पत्रा दणाणला.

"हात खाली, भाऊ!" अजित मिक्सरवरून ओरडला. हात खाली आला आणि सूरही खाली आला.

मी उठून उभी राहिले. मला त्या क्षणी आमटी आठवली.

"थांबा," मी म्हटलं. "भाऊ, तोंड मिटा. आता आ करा. मोठा. गाताना करता तेवढा."

मी मोबाईलचा टॉर्च त्यांच्या कानाजवळ धरला. तोंड मिटलेलं असताना बोंड कानात घट्ट बसलेलं होतं. जबडा उघडला तसा कान आतून सरकला, आणि बोंडाच्या कडेला केसभर फट पडली. केसभरच. तोंड मिटलं, फट गेली.

"आता तीच ओळ गा. हात खाली ठेवा. मी तुमच्या कानाला बोट लावते."

अजित काही बोलणार होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बसला. भाऊ गायला लागले. वरची ओळ आली तेव्हा मी दोन्ही बाजूंनी दोन बोटांनी बोंडं आत दाबून धरली. सूर लागला. मी बोटं काढली. सूर उतरला. पुन्हा लावली. पुन्हा लागला. बाजाची पेटी वाजवावी तसा मी तो माणूस वाजवत होते!

"आयला," रोशन म्हणाला.

शेडमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता सांगणं आलं. बावीस वर्षांत पेशंटच्या पुढे असं कधी बोलले नव्हते.

"अजित, चूक माझी आहे," मी म्हटलं. "साचा चुकलाय."

मग त्यांना समजावलं. माणूस तोंड उघडतो तेव्हा जबड्याचं हाड कानाच्या अगदी पुढे हलतं आणि कानाची नळी रुंदावते. कुणीही कानात बोट घालून आ करून बघावं, कळेल. मी साचे काढते ते आजी-आजोबांचे. ते मशीन लावून टीव्ही बघतात, गप्पा मारतात, तेवढ्याने बिघडत नाही. गाणारा माणूस मात्र वरच्या सुराला जबडा खाली टाकतो. मी मिटलेल्या तोंडाचा साचा काढला, आणि भाऊ काम करतात उघड्या तोंडाने. फट पडली की आधी जातो तो भरीव, खालचा आवाज. गाणं पातळ होतं. वर बाहेरचा गोंगाट आत शिरतो. ऐन अवघड जागी आधाराचा सूर कानातून निसटतो, मग माणूस अंदाजाने गातो.

"मग माझं का नाय बिघडलं?" रोशनने विचारलं.

"तू काय तोंडाने वाजवतोस?"

"आणि तुम्हाला आधी कळलं कसं नाही, मॅडम?" हा प्रश्न अजितचा. रास्त होता.

"कारण मशीनचा साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारतं," मी म्हटलं. "आतला आवाज फटीतून बाहेर येतो आणि त्याच्याच माइकमध्ये शिरतो. शिट्टी आली की मी साचा बदलते. तुमच्या या बोंडांना माइकच नाही. ती मुकाट गळतात. शिट्टी आली नाही म्हणून मी माझा साचा बरोबर धरला आणि भाऊंचा कान चूक धरला. आणि भाऊंनी मला फोन करून सांगितलं होतं. मी हसले."

भाऊ टॉवेलने मान पुसत होते. माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. चिडायलाच हवं होतं खरं तर. ते म्हणाले, "म्हंजे माझा कान बरा हाय?"

"एकदम. तुमच्या कानाने तर रोग सांगितला होता. फोन घेणारी बहिरी होती."

ते हसले नाहीत. खाली बसले. मग ऑल्विनने पाण्याचा तांब्या आणून दिला.

आता आगाशीची हळद सहा दिवसांवर. नवीन बोंडं यायला तीन आठवडे. अजित म्हणाला, "मग हात ठेवून गाऊ दे, मी काय बोलणार नाही." पण एका हातात माइक आणि एक हात कानावर, म्हणजे फक्त एकच कान घट्ट. मला ते पटेना. स्कूटरच्या डिकीत माझी तपासणीची बॅग होती, तिच्यातून मी डेमोचा सेट काढून दिला आणि त्याला रबराऐवजी फोमची टोकं लावली. हा फोम गादीसारखा असतो. बोटांत चुरगाळून कानात घालायचा, मग तो हळूहळू फुगतो आणि जबडा हलला तरी फट भरत राहतो. भाऊंनी तिथेच लावला, पाणी पिऊन एक ओळ म्हणून बघितली, मग अख्खं गाणं. मी झावळ्यांवर बसून ऐकलं. कोपऱ्यातला नवा गायक पहिली टाळी वाजवून मोकळा झाला.

सोमवारी भाऊ नवीन साच्याला क्लिनिकमध्ये आले. साच्याच्या सामानाबरोबर एक छोटा ठोकळा येतो, दातांत धरायचा, म्हणजे तोंड उघडं राहतं. माझ्याकडे तो होता. कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, पाकीट न फोडलेला. किती वर्षं पडला होता कोण जाणे. ते पाकीट त्यांच्यासमोर फोडताना मला लाज वाटली. पाच मिनिटं बिचारे आ वासून बसले. लाळ गळत होती, टॉवेल लावत होते, आणि काहीतरी सांगायला "आँ, आँ" करत होते. "बोलू नका, हलू नका," मी म्हटलं, आणि पुढचे शब्द सवयीने येत होते ते गिळले.

शनिवारी संध्याकाळी मी आगाशीला गेले. आमंत्रण नव्हतं, पण हळदीला आमंत्रण कोण विचारतो? मांडव भरलेला होता. पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते, नवऱ्याच्या गालांना हळद. मी मिक्सरच्या बाजूला अजितच्या खुर्चीमागे उभी राहिले. भाऊ पांढरा शर्ट घालून आले. पहिलं गाणं सुरू झालं, पोरं नाचायला लागली. माझं लक्ष त्या डाव्या हाताकडे.

वरची ओळ आली. हात उचलला गेला, छातीपर्यंत आला. अजित पुढे झुकला. हात तिथेच थांबला, मग पुढे गेला, मांडवाकडे, आणि सूर असा लागला की नाचणाऱ्या बायका एका क्षणाला थबकल्या. नवऱ्याची आजी खुर्चीत बसल्या बसल्या "वाऽऽ रे वा!" म्हणून ओरडली. भाऊंनी तो सूर धरून ठेवला. सोडेनातच. अजितने मिक्सरवरचे हात काढून घेतले, म्हणाला, "मला काही करायचं उरलंच नाही मॅडम." डोळे पुसले त्याने. म्हणाला, धूर जातोय. धूर कुठेही नव्हता.

तीन आठवड्यांनी नवी बोंडं आली. भाऊ घ्यायला आले ते पिशवीत चार केळी घेऊन. मला वाटलं माझ्यासाठी. त्यांनी बोंडं कानात घातली, मोबाईलवर गाणं लावलं, खुर्चीत टेकले, आणि माझ्यासमोर एक केळं सोलून खायला लागले. सावकाश, चावून चावून, डोळे मिटून. मी हातातलं काम सोडून बघत राहिले. अर्धं झालं. पूर्ण झालं. दुसरं सोललं.

"काय?" मला राहवेना.

"घट्ट," ते म्हणाले. "दाट आमटी." मग उरलेली दोन केळी मला दिली.

जायच्या आधी त्यांनी खिशातून तो घडी घातलेला रिपोर्ट काढला. घडीवर फाटायला आला होता. "याच्यावर काय तरी लिवून द्या ताई. घरी बायको, प्रमिला, रोज वाचते आनि मना मोठ्याने बोलते. सांगतो, ऐकू येतं बाय मला, तर अजून मोठ्याने." मी 'सौम्य घट' या शब्दांखाली पेनाने लिहिलं, 'दोष साच्यात होता, कानात नाही,' आणि परत सही केली. त्यांनी कागदाची लहान घडी केली आणि बोंडांच्या डबीत, झाकणाखाली ठेवली. अजून तिथेच असतो. भाऊ बोंडं तपासायला आणतात तेव्हा डबी उघडताना दर वेळी दिसतो, आणि दर वेळी मला थोडा टोचतो.

हल्ली आसपासचे बरेच गाणारे-वाजवणारे साच्याला येतात. अजितने नाव सगळीकडे केलंय, चुकीसकट. माझं जुनं वाक्य मी बदललंय. पेशंट खुर्चीत बसला, की मी ठोकळा पुढे करते आणि म्हणते, तोंड उघडा. आणि नंतर कुणी फोन करून सांगितलं की जेवताना कसंतरीच ऐकू येतं, तर मी हसत नाही. मी विचारते, काय जेवत होता?